अंगठा

ज्या रविवारी चोर्ल्याला जाऊन येते
त्याच्या दुसऱ्या दिवशी
वाळपईच्या आरोग्य केंद्रातलं हजेरीचं यंत्र
मला ओळखत नाही.
आठ पंचावन्न. अंगठा ठेवते: लाल दिवा.
ओढणीला पुसून ठेवते: लाल दिवा.
फुंकर मारून, दाबून, गोंजारून.
मागे रांग वाढते, आणि शिपाई गुणाजी म्हणतो,
"बाय, तूं कोण तें यंत्राक कळना."

कळणार कसं?
अंगठ्यावरची मी अजून तिथेच आहे,
काळ्या कातळातल्या
उकड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या खाचेत.

वहीत सही करते. नऊ तीन.
खिडकी उघडते. लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या,
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
माझं दिवसातून किती वेळा ते फ्रिजवर चिकटवलंय:
मंगळवार चढ, सहा फेऱ्या. गुरुवार बोटं.
रविवार अठरा किलोमीटर, नाहीतर कातळ.
त्यावरच गॅसचा नंबर, युगांकच्या चाचणीच्या तारखा,
आणि 'पाडेली शनिवारी नक्की येणार',
त्यातला शनिवार तीनदा खोडलेला.

हेमकांत बोटीवर. त्याचा फोन येतो तेव्हा
मी बहुधा लोंबकळत असते.
स्वयंपाकघराच्या चौकटीवर फणसाच्या लाकडाची फळी;
सुताराला वाटलं देव्हाऱ्यासाठी हवी,
म्हणून त्याने काठाला वेलबुट्टी कोरली.
बोटांना ती टोचते.
सात सेकंद लटकायचं, तीन सेकंद सोडायचं,
कुकरच्या शिट्ट्या वेगळ्या मोजायच्या.
खालून युगांक विचारतो, "सतरा साते?"
वरून मी, दात आवळून, "एकशे एकोणीस."
"धाप कसली लागलीय?" हेमकांत विचारतो.
"भांडी घासत होते."

पहाटे साडेचारला वाघेरीची वाट.
युगांकजवळ झोपायला पद्मिणबाय येते,
बदल्यात तिच्या गुडघ्यांना मी मलम चोळते.
कपाळावरच्या दिव्यात वाट दोन हातांची,
त्यापलीकडे काही नाही.
मोज्यांत मीठ, जळवांसाठी.
एकदा काजूच्या बागेत दोन हिरवे डोळे. गवा.
मी थांबले, तोही थांबला.
दोघांनाही कामं होती.
तो आधी वळला.

धावताना मोठे विचार सुचत नाहीत मला.
इन्सुलिनचा फ्रिज बंद पडला नसेल ना,
उडीद भिजवायचे राहिले, असंच काही.
मग उभा चढ लागतो
आणि उडीदही मागे पडतात.

दोर बेल्मिरोकडे असतो. तो बँकेत कॅशियर.
त्याचा रविवार मोकळा तर माझी ड्युटी,
माझा मोकळा तर त्याच्या घरी लादाइन.
सहा आठवड्यांत दोनदा जुळलं,
दुसऱ्यांदा जेमतेम चाळीस मिनिटं.
डावा हात खाचेत, उजवा पाय कमरेइतका उंच,
आणि मग खालचा पाय सोडायचा, नुसत्या भरवशावर.
मी सोडला नाही.
घड्याळ पाहिलं.
"देंव सकयल," तो म्हणाला,
"फातर खंय धांवून वचपाचो ना."
फातर नाही धावणार.
मला बेचाळिसावं लागलंय.

नंतर युगांकला ताप, मग साठ्याची तपासणी,
मग डेंग्यूची साथ, रविवारीही खिडकीत.
फळीवर कुणीतरी ओले रुमाल वाळत घातले.
मीच घातले.
तीन आठवडे.

आज सोमवार. आठ बावन्न.
अंगठा ठेवला.
हिरवा दिवा, पहिल्याच खेपेला,
आणि आतल्या बाईचा गोड आवाज: धन्यवाद.
"पळय, वळखलें!" गुणाजी हसला.
अंगठा उजेडात धरून पाहिला.
सगळ्या रेषा परत आलेल्या,
गुळगुळीत, पूर्ण, सरकारी.

खिडकी उघडली. पहिली चिठ्ठी.
काउंटरच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाहीत अशी,
चार बोटं अडकवली.
एक, दोन, तीन,
"बाय, ही गोळी जेवणाआधी की नंतर?"
चार.